खोलीतली सगळी हवा एका बाजूला कधी जमेल का?

मधली सुट्टी (मूळ धागा)

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. वायूचे रेणू कसेही, कुठेही पळत असतात हे सांगितलं की दर बॅचमध्ये एखादा विचारतोच, सगळे एकदम डाव्या भिंतीकडे गेले तर उजवीकडच्या बाकांवरची मुलं गुदमरतील का. वर्ग हसतो, मी "शक्यता इतकी कमी की नाहीच समजा" म्हणते आणि पुढच्या समीकरणाकडे वळते. यंदा एका मुलीने वळू दिलं नाही. "नाहीच समजा म्हणजे नाही का? नाही, तर कारण सांगा. आहे, तर किती वेळ थांबायचं ते सांगा."

तिचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. पुस्तकात लिहिलंय की दाब म्हणजे भिंतीवरच्या धडकांची दीर्घ काळाची सरासरी. ती म्हणाली, "काळ खरंच दीर्घ धरला तर सगळी हवा एका बाजूला गेलेली वेळही त्यात येणार. मग सरासरी बिघडणार नाही का? आणि नाही धरला, तर दीर्घ म्हणजे नेमका किती?"

पहिल्याचं उत्तर मला देता येईल, दुसऱ्याचं पटेलसं देता येत नाहीये. जाणकारांनी लिहावं. शक्यतो बारावीच्या पोरीला कळेल असं.

काळा वाटाणा

सकाळची बदलापूर लोकल बघा. डबा मधे मोकळा, सगळे रेणू दारात. रोज होतं, शक्यताबिक्यता काही नाही.

पारवा

पोरगी हुशार आहे, तिला नक्की भौतिकशास्त्राला पाठवा.

आधी आकडे बघू. प्रत्येक रेणू डावीकडे असण्याची शक्यता निम्मी. १० रेणू असतील तर सगळे डावीकडे असण्याची शक्यता १०२४ त एक. संगणकावर दहा ठिपके नाचवले तर हे घडताना डोळ्यांनी दिसतं. १०० रेणू घेतले की खेळ बदलतो. दर नॅनोसेकंदाला मांडणी पूर्ण पिसली जाते असं धरलं तरी सरासरी ४० लाख कोटी वर्षं थांबावं लागेल. विश्वाचं वय आहे १३८० कोटी वर्षं. आणि हे फक्त १०० रेणूंचं.

आता दहा बाय दहाची खोली. तिच्यात साधारण ७ गुणिले १० चा २६वा घात इतके रेणू असतात. सगळे एका अर्ध्यात असण्याची शक्यता 'अमुकात एक' अशी लिहायला बसलात, तर 'अमुक' ही संख्या नुसती लिहूनच संपत नाही. दर मिलिमीटरला एक अंक लिहिला तर कागदाची पट्टी देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेपर्यंतच्या अंतराच्या जवळपास नऊ पट लांब जाईल. लक्षात घ्या, ही लांबी त्या संख्येची नाही, ती संख्या लिहून काढायला लागणाऱ्या कागदाची आहे.

म्हणून उत्तर: निसर्गनियमाने मनाई नाही. पण 'किती वेळ थांबायचं' याला जे उत्तर येतं ते सेकंदात सांगा, वर्षांत सांगा, विश्वाच्या वयांत सांगा, काही फरक पडत नाही. एवढ्या मोठ्या संख्येत एकक बदलल्याने शेवटचे काही अंक इकडेतिकडे होतात, एवढंच.

रानजाई

पारवांशी सहमत. थोडा इतिहास, कारण याच प्रश्नावरून मोठमोठ्या माणसांची जुंपली होती.

१८९० मध्ये प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं की बंदिस्त यांत्रिक व्यवस्था पुरेसा वेळ दिला की सुरुवातीच्या स्थितीच्या हवी तितकी जवळ परत येते. १८९६ मध्ये झर्मेलो नावाचा तरुण (प्लांकचा सहायक, पुढे गणिताच्या पायाभूत कामासाठी प्रसिद्ध झाला) बोल्ट्झमनला (रेणूंच्या गणितातून एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणाचं माप, समजावणारा भौतिकशास्त्रज्ञ) म्हणाला: मग तुमची एन्ट्रॉपी सतत वाढते कशी? गोष्ट परत मूळपदावर येणार असेल तर ती एकाच दिशेने जाऊ शकत नाही. बोल्ट्झमनचं उत्तर थोडक्यात असं, की परत येते हे खरं, पण किती वेळाने ते मोजून बघा.

त्याआधी लॉश्मिटनेही आक्षेप घेतला होता: सगळ्या रेणूंचे वेग उलटे केले तर चित्रफीत उलटी चालेल, आणि न्यूटनच्या नियमांत त्याला कुठेच आडकाठी नाही.

या भांडणातून निघालेली सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे पॉल आणि तात्याना एहरेनफेस्ट या जोडप्याचं १९०७ चं प्रारूप. दोन कुत्रे शेजारी बसलेत, त्यांच्या अंगावर मिळून १०० पिसवा, प्रत्येकीला क्रमांक. दर खेपेला एक क्रमांक चिठ्ठीने काढायचा आणि ती पिसू या कुत्र्यावरून त्या कुत्र्यावर उडी मारणार. सुरुवातीला सगळ्या एकाच कुत्र्यावर असतील तर थोड्याच वेळात पन्नास-पन्नासच्या आसपास येतात आणि तिथेच खालीवर होत राहतात. बरोब्बर पन्नास-पन्नास झाल्यावर पुन्हा तसंच व्हायला सरासरी साडेबारा उड्या पुरतात. सगळ्या एका कुत्र्यावर असतील तर पुन्हा तसं व्हायला सरासरी २ चा १००वा घात इतक्या उड्या. मार्क कात्सने १९४७ मध्ये हे अगदी स्वच्छ मांडलं. नियम एकच आहे: जी स्थिती जितकी दुर्मीळ, तिथे परतायला तितका वेळ. व्यवस्था परत येत नाही असं नव्हे, आपण तितका वेळ बसत नाही.

मधली सुट्टी ताई, वर्गात चिठ्ठ्या आणि वाटाणे घेऊन हे अर्ध्या तासात करून दाखवता येतं.

काळा वाटाणा

मला का मधे ओढताय?

उलटा कंदील

सगळं वाचलं. पण मला यात काही दम दिसत नाही. जी गोष्ट विश्वाच्या आयुष्यात घडणार नाही तिच्यावर पानंच्या पानं लिहायची, आणि वर 'मनाई नाही' म्हणायचं. याला विज्ञान म्हणायचं की कीर्तन? मोजता येत नाही ते नाही, इतकं सरळ आहे.

पारवा

कंदीलराव, मोजता येतं. खोलीभर हवेचं येत नाही, छोट्या जागेचं येतं. दिवसा मान वर करून बघा, मोजमाप डोक्यावर पसरलंय.

५० नॅनोमीटर बाजूचा हवेचा घन घ्या, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीचा साधारण दहावा भाग. त्यात सुमारे ३००० रेणू असतात. संख्येतला चढउतार हा संख्येच्या वर्गमुळाइतका असतो, म्हणजे ५०-५५ रेणू इकडेतिकडे. जवळपास दोन टक्के. हवा अगदी एकसारखी, काटेकोर वाटलेली असती तर रेणूंनी विखुरलेला प्रकाश बाजूच्या दिशांना एकमेकांना खोडून टाकता, आणि आकाश दिवसाही काळंच दिसतं. ही घनतेची चलबिचल आहे म्हणून प्रकाश विखुरतो, निळा जास्त विखुरतो. स्मोलुचोव्स्कीने १९०८ मध्ये आणि आइनस्टाइनने १९१० मध्ये हे गणित मांडलं.

तर गोष्ट सगळीकडे तीच आहे. ३००० रेणूंत दोन टक्के चढउतार रोजचा, खोलीभर हवेत तोच अब्जांश टक्क्याहूनही कितीतरी कमी.

सोल्डरिंगवाला

+१. आम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाले तर यावरच पोट भरतो, किंवा यानेच हैराण होतो म्हणा. कुठल्याही रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये, काहीही न जोडता, थरथरता व्होल्टेज असतो. जॉन्सनने १९२८ मध्ये बेल लॅबमध्ये मोजला, नायक्विस्टने गणित दिलं. एक मेगाओम, साधं तापमान, फ्रिक्वेन्सीची १० किलोहर्ट्झची पट्टी: सुमारे १३ मायक्रोव्होल्ट. चांगला अ‍ॅम्प्लिफायर लावला तर कानाने ऐकू येतो, खरखर. कंपनी कोणतीही घ्या, रेझिस्टर सोन्याचा घ्या, तो जात नाही. थंड केला तर कमी होतो.

दीर्घ काळाची सरासरी काढली तर शून्य. व्होल्टेजच्या वर्गाची (स्क्वेअरची) सरासरी काढली तर तापमान कळतं. याच तत्त्वावर तापमापक बनवतात.

उलटा कंदील

हे झालं रोजचं खालीवर होणं. मी विचारतोय दुर्मीळ घटनेबद्दल. एन्ट्रॉपी खरोखर कमी होताना कोणी पाहिलीय का? हो किंवा नाही.

रानजाई

हो. कॅनबेरा, २००२. पाण्यात काही मायक्रोमीटरचा लॅटेक्सचा गोळा, तो लेझरच्या चिमटीत पकडलेला. चिमटी हळूहळू सरकवायची. एरवी गोळा मागे ओढला जातो, पाणी तापतं, ऊर्जा वाया जाते. पण मधूनमधून पाण्याच्या रेणूंचे धक्के असे जुळून येतात की पाणीच गोळ्याला पुढे ढकलतं. म्हणजे पाण्यातली उष्णता कामाला लागली. एकदोन सेकंदांपर्यंतच्या अशा उलट्या वाटचाली त्यांनी नोंदवल्या.

मुख्य म्हणजे त्या किती वेळा दिसाव्यात हे आधीच सांगितलेलं होतं. १९९३ मध्ये इव्हान्स, कोहेन आणि मॉरिस यांनी सूत्र सुचवलं, पुढच्या दोन वर्षांत ते नीट सिद्ध झालं: एन्ट्रॉपी अमुक इतकी वाढण्याची शक्यता आणि तेवढीच घटण्याची शक्यता, यांचं गुणोत्तर त्या 'अमुक'च्या घातांकाने वाढतं. व्यवस्था मोठी केली किंवा वेळ वाढवला की 'अमुक' मोठं होतं आणि उलट्या वाटचाली झपाट्याने नाहीशा होतात. उष्मागतिकीचा दुसरा नियम (एन्ट्रॉपी घटत नाही) मोडला असं नाही. तो सरासरीचा नियम आहे, आणि सरासरीच्या दोन्ही बाजूंना काय चालतं याचा हिशोब आता हातात आहे.

उलटा कंदील

बरं. हे मान्य. कीर्तन मागे घेतो, टाळ राहू द्या.

भरतीओहोटी

जरा अवांतर, पण दुर्मीळ म्हटलं की आम्हा मुंबईकरांना एकच आठवतं. २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. तेव्हापासून 'शंभर वर्षांतून एकदा'वाला पाऊस हा शब्दप्रयोग इतका ऐकलाय की आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणतात, आता २१०५ पर्यंत निश्चिंत.

शेवटचा डबा

त्या गृहस्थांना तळमजल्यावर फ्लॅट द्या.

शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता, गेल्या वर्षी काय झालं याचा पावसाला पत्ता नसतो. ३० वर्षांच्या गृहकर्जात असा पाऊस एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के. शंभर वर्षांत एकदा तरी येण्याची ६३ टक्के, म्हणजे शंभर वर्षं पूर्ण झाली तरी खात्री नाही.

पण खोलीतल्या हवेत आणि पावसात मोठा फरक आहे. रेणूंचे नियम उद्याही तेच राहणार. पावसाचा फासाच बदलतोय, समुद्र तापतोय. मग जुन्या शंभर वर्षांच्या नोंदींवरून काढलेला 'एक टक्का' कशाचा, हा खरा प्रश्न. दीर्घ काळाच्या सरासरीला काही अर्थ असायला तेवढा काळ नियम स्थिर राहायला हवेत.

मधली सुट्टी

सगळ्यांचे आभार, पिसवांचा प्रयोग सोमवारी करतेय. पण दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. दीर्घ म्हणजे किती? आणि दुर्मीळ घटना सरासरी बिघडवते की नाही?

हिशेबनीस

दुसऱ्या प्रश्नाच्या शेपटाला मी हात घालतो. मी फिजिक्सवाला नाही, विमा क्षेत्रात काम केलंय. आमच्याकडे उत्तर असं आहे: कशाची सरासरी काढताय त्यावर अवलंबून.

एक खेळ घ्या. १०० रुपये लावा. नाणं उडवा. छापा आला तर रक्कम दीडपट, काटा आला तर चाळीस टक्के वजा. दर उडवणीला अपेक्षित वाढ पाच टक्के. १०० वेळा खेळलात तर अपेक्षित रक्कम १३ हजारांच्या वर. खेळाल?

काळा वाटाणा

कुठे सही करू?

हिशेबनीस

थांबा शेठ. एक छापा आणि एक काटा आला तर दीड गुणिले शून्य पूर्णांक सहा, म्हणजे ९० रुपये उरले. दर दोन उडवण्यांमागे दहा टक्के गेले. ५० छापे, ५० काटे पडले की हातात ५२ पैसे. मुद्दल तरी सुटण्यासाठी १०० पैकी किमान ५६ छापे हवेत, आणि ते शंभरात साधारण चौदा लोकांनाच पडतात.

मग १३ हजार आले कुठून? ज्या अतिदुर्मीळ लोकांना ७०-७५ छापे पडतात त्यांच्याकडे प्रचंड रक्कम जमते, आणि सगळ्यांची सरासरी तेवढे चारदोन लोक ओढून नेतात. गर्दीची सरासरी एक सांगते, एका माणसाचं दीर्घ काळात काय होतं ते दुसरंच. ओले पीटर्स या भौतिकशास्त्रज्ञाने हा खेळ पुढे करून अर्थशास्त्रज्ञांशी वाद घातलाय. त्याचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत, पण हा आकडेमोडीचा भाग निर्विवाद आहे.

आता खोलीकडे या. सगळी हवा एका बाजूला गेली तर एका भिंतीवरचा दाब फार तर दुप्पट होईल, दुसरीवरचा शून्य. 'दुप्पट' गुणिले 'देवयानीच्या नऊ पट लांब पट्टीत एक'. सरासरीत त्याचं योगदान काहीच नाही. घटना दुर्मीळ आहे आणि तिच्यामुळे मोजली जाणारी राशी फारशी बदलतही नाही, म्हणून सरासरी शाबूत. नाण्याच्या खेळात घटना दुर्मीळ असली तरी रक्कम त्याहून वेगाने फुगते, म्हणून सरासरी तिच्याच खिशात.

पारवा

फारच छान. आणि हे फक्त पैशांचं नाही, प्रयोगशाळेतही अगदी हेच होतं. १९९७ मध्ये जार्झिन्स्कीने एक समीकरण दिलं. एखाद्या रेणूवर तुम्ही घाईघाईने काम करा, दर वेळी लागणारं काम वेगळं येईल. त्या कामाच्या ऋण घातांकाची सरासरी काढली तर मुक्त ऊर्जेतला (काम करून घेता येईल अशा ऊर्जेतला) फरक बरोबर मिळतो, घाई केली तरी. बर्कलीत २००२ मध्ये आरएनएची एक घडी लेझरच्या चिमटीने ओढून, उलगडून हे तपासलं गेलं.

पण घातांकाची सरासरी असल्याने ती कोण ठरवतं? ज्या मोजक्या खेपांत काम नेहमीपेक्षा खूपच कमी लागलं त्या. शंभरातल्या नव्व्याण्णव खेपा सरासरीत जवळपास गप्प बसतात. पुरेशा खेपा केल्या नाहीत तर त्या दुर्मीळ खेपा हाती लागत नाहीत आणि उत्तर चुकतं, तेही नेहमी एकाच बाजूला, ऊर्जा जास्त दाखवणारं. म्हणून जितकी घाई जास्त तितक्या खेपा घातांकाने वाढवाव्या लागतात.

हिशेबनीस विम्याचे निघाले हे बरं झालं. दुर्मीळ घटनांच्या गणिताची सुरुवात त्यांच्याच धंद्यात झाली. स्वीडनच्या हाराल्ड क्रामेरने १९३८ मध्ये विमा कंपनीच्या जोखमीच्या संदर्भात पहिलं नेमकं प्रमेय दिलं. त्याचा सर्वव्यापी सिद्धान्त रचला श्रीनिवास वरधन यांनी. जन्म चेन्नईचा, शिक्षण कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, पुढे न्यूयॉर्क. २००७ चं आबेल पारितोषिक त्यासाठीच.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी कल्पना: दुर्मीळ घटना घडलीच, तर ती अनेक अशक्यप्राय वाटांपैकी सर्वांत कमी अशक्यप्राय वाटेने घडते. साधं नाणं घेऊन हजारात ७०० छापे पडले अशा नोंदी गोळा केल्या, तर त्यात आधी ७०० छापे आणि मग सगळे काटे असा तमाशा दिसत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जणू ७० टक्क्यांचं खोटं नाणं घेऊन कोणी बसलंय, अशी नोंद दिसते. तिची शक्यता दर शंभर उडवण्यांमागे साधारण पावणेचार हजार पटींनी घटत जाते.

भरतीओहोटी

म्हणजे पोलिसांनी खोटं नाणं आणि दुर्मीळ नशीब यांत फरक कसा करायचा?

शेवटचा डबा

आणखी हजार वेळा उडवायला लावायचं.

सोल्डरिंगवाला

मला एर्गोडिक या प्रकाराबद्दल विचारायचंय. आम्हाला सिग्नल प्रोसेसिंगमध्ये पहिल्याच तासाला सांगितलं होतं: प्रक्रिया एर्गोडिक धरा, म्हणजे एका उपकरणाची दीर्घ काळाची सरासरी आणि एका क्षणी अनेक उपकरणांची सरासरी सारखीच. धरा म्हणजे धरा. कोणी तपासलं नाही, मीही नाही. हे कुठे चालत नाही?

रानजाई

बऱ्याच ठिकाणी. बर्कहॉफने १९३१ मध्ये कोणत्या अटीवर चालतं ते सिद्ध केलं. अट थोडक्यात: व्यवस्थेचे असे वेगळे कप्पे नसावेत की एकात असलेली दुसऱ्यात जाऊच शकत नाही. ऐकायला सोपी, तपासायला महाकठीण.

लॉस अलामॉसला १९५० च्या दशकात फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी मॅनिअ‍ॅक संगणकावर हेच तपासायला घेतलं. स्प्रिंगांनी जोडलेल्या ठोकळ्यांची माळ, स्प्रिंगा किंचित अरेषीय, म्हणजे ताण दुप्पट केला तर ओढ बरोब्बर दुप्पट न होणाऱ्या. सगळी ऊर्जा एकाच लाटेत घातली आणि ती हळूहळू सर्व प्रकारच्या लाटांत सारखी वाटली जाईल अशी अपेक्षा धरली. ऊर्जा चारपाच लाटांत फिरली आणि मग जवळजवळ सगळीच्या सगळी पहिलीत परत आली. १९५५ च्या अहवालात ते आलं, तोवर फर्मी वारला होता. संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या मेरी त्सिंगू यांचं नाव कित्येक दशकं फक्त आभाराच्या ओळीत राहिलं. अलीकडे चौघांच्या नावाने उल्लेख होतो, ते योग्यच.

दुसरं उदाहरण साध्या नाण्याचं. तुम्ही आणि मी नाणं उडवतोय, छाप्याला तुम्हाला एक गुण, काट्याला मला. दिवसभर खेळलो तर आघाडीवर कोण किती वेळ असेल? सगळे म्हणतील निम्मा-निम्मा वेळ. लेव्हीने १९३९ मध्ये दाखवलं की निम्मा-निम्मा ही सर्वांत कमी शक्यतेची विभागणी आहे! दर पाच सामन्यांत एका सामन्यात कोणीतरी एक जण ९७.६ टक्क्यांहून जास्त वेळ आघाडीवर राहतो. सामना लांबवला म्हणून हे सुधारत नाही. कारण बरोबरी पुन्हा होते नक्की, पण तिला लागणाऱ्या वेळेची सरासरीच अनंत आहे. इथे दीर्घ काळ कितीही दीर्घ केला तरी कालसरासरी स्थिरावत नाही.

या प्रकारच्या प्रश्नांवर आपल्याकडे पहिल्या दर्जाचं काम झालंय, हे इथल्या मंडळींना माहीत असावं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) अनेक वर्षं काढलेले आणि नंतर पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत गेलेले दीपक धर यांना २०२२ चं बोल्ट्झमन पदक मिळालं, जॉन हॉपफिल्ड यांच्यासोबत. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय.

उलटा कंदील

कप्पे म्हणालात त्याचं रोजच्या वापरातलं उदाहरण द्या ना. कुत्रे आणि नाणी पुरे.

सोल्डरिंगवाला

हे मी देतो. हार्ड डिस्क.

डिस्कवर काही नॅनोमीटरचे चुंबकीय कण असतात, एका बिटमागे साधारण दहा-वीस. प्रत्येक कणाचं चुंबकत्व वर किंवा खाली, मधे ऊर्जेची टेकडी. उष्णतेचे धक्के कणाला सेकंदाला अब्जभर वेळा टेकडी चढवू बघतात. नेएलचा १९४९ चा नियम: सरासरी किती वेळाने कण उलटेल ते टेकडीच्या उंचीच्या घातांकाने वाढतं. टेकडी उष्णतेच्या ऊर्जेच्या ४० पट असेल तर साडेसात वर्षं. ६० पट असेल तर साडेतीनशे कोटी वर्षं. उंची दीडपट, आयुष्य ४८ कोटी पट!

आता गंमत. खरोखरची दीर्घ काळाची सरासरी काढली तर प्रत्येक कण निम्मा वेळ वर, निम्मा वेळ खाली. म्हणजे डिस्क कोरी. तुमचे फोटो टिकतात याचं कारण एवढंच की आपण दीर्घ काळ थांबत नाही. साठवणूक म्हणजे एर्गोडिक होऊ न देणं.

आणि ४० वर का भागत नाही? एका कणाला साडेसात वर्षं सरासरी असली तरी डिस्कवर अब्जावधी कण आहेत, त्यातले सगळ्यांत उतावळे पहिल्याच तासात उलटतात. शिवाय तापमान. ६० पट उंची साध्या तापमानाला धरली आणि डिस्क तीस अंशांनी तापली, तर आयुष्य दोनशेहून जास्त पटींनी घटतं. म्हणून भरपूर राखून बांधतात.

पारवा

वा! क्रामर्सने १९४० मध्ये रासायनिक क्रियांसाठी हेच गणित केलं. हिराही याच कप्प्यात बसतो. आपल्या रोजच्या दाबाला आणि तापमानाला कार्बनची स्थिर अवस्था ग्राफाइट आहे, हिरा नुसता अडकलाय.

काळा वाटाणा

हे बायकोला सांगू शकतो का? 'दीर्घ काळाच्या सरासरीत पेन्सिलच आहे ती.'

भरतीओहोटी

सांगा. मग तुमची दीर्घ काळाची सरासरी आम्ही इथे लिहू.

रानजाई

आता मधली सुट्टी ताईंचा मूळ प्रश्न. दीर्घ म्हणजे किती? मला वाटतं पुस्तकातली मांडणीच इथे दिशाभूल करते.

पुस्तक सुचवतं की सरासरी खरी ठरायला व्यवस्थेने सगळ्या शक्य मांडण्यांतून फिरून यायला हवं. तसं असतं तर दाब मोजायला पारवांची पट्टी पुरली नसती. पण टायरच्या हवेचा दाब गेज क्षणात दाखवतो. का?

एका चौरस सेंटिमीटर भिंतीवर सेकंदाला साधारण ३ गुणिले १० चा २३वा घात इतक्या धडका बसतात. एक मायक्रोसेकंद घ्या, तरी ३ गुणिले १० चा १७वा घात. त्यांच्यातला सापेक्ष चढउतार अब्जांशाच्या दुपटीएवढा. मायक्रोसेकंदच 'दीर्घ' झाला! तेवढ्यात व्यवस्थेने शक्य मांडण्यांचा कणभरही भाग पाहिलेला नसतो, आणि पाहण्याची गरजही नसते. कारण जवळजवळ सगळ्याच मांडण्यांत दाब तोच असतो. कुठेही उभे राहा, आकडा सारखाच. खिंचिन या रशियन गणितज्ञाने १९४० च्या दशकात नेमकं हेच सांगितलं: असंख्य रेणूंच्या बेरजेतून बनणाऱ्या राशींना पूर्ण एर्गोडिकपणा लागतच नाही.

म्हणून त्या मुलीला सांगा, दीर्घ काळाचा एकच आकडा नसतो. दाबासाठी मायक्रोसेकंद, डिस्कवरच्या कणासाठी कोट्यवधी वर्षं, आणि हवा एका बाजूला जमण्यासाठी ती पट्टी. आधी 'कशाची सरासरी' ते ठरवायचं, मग घड्याळ बघायचं.

हिशेबनीस

आणि नाण्याच्या आघाडीसाठी घड्याळच नाही.

मधली सुट्टी

रानजाई, मायक्रोसेकंदाचा हिशोब फळ्यावर लिहिला. मुलगी दोन मिनिटं बघत बसली आणि म्हणाली, "मग बाई, पुस्तकात 'दीर्घ काळ' कशाला लिहिलंय? 'भरपूर रेणू' लिहायला हवं होतं." मी म्हटलं, लिही तू पुस्तक. पिसवांच्या प्रयोगात २० वाटाणे घेतले, तास संपेपर्यंत एकाही गटाला सगळे एका वाटीत परत आणता आले नाहीत. एका गटाने आणले, पण त्यांनी वाटाणे खाल्ले होते.

काळा वाटाणा

निषेध.

उलटा कंदील

सोल्डरिंगवाले, एक खासगी शंका. माझ्या कपाटात वीसेक वर्षांपूर्वीची डिस्क पडून आहे, लग्नाचे फोटो आहेत. घर पश्चिमेला, उन्हाळ्यात कपाट चांगलंच तापतं. कण उलटले असतील का?

सोल्डरिंगवाला

कणांची काळजी करू नका, ते बहुधा तुमच्यापेक्षा जास्त टिकतील. मोटर आणि त्यातलं वंगण आधी जातं. आजच लावून बघा, फिरली तर लगेच दोन ठिकाणी कॉपी काढा. टकटक आवाज आला तर पुन्हापुन्हा चालू-बंद करू नका, डेटा काढून देणाऱ्याकडे न्या.

उलटा कंदील

फिरली! पण फोल्डरला पासवर्ड आहे आणि तो बायकोला आठवत नाहीये, मला तर नाहीच.

शेवटचा डबा

किती अक्षरी? पारवा, पट्टी काढा.